गोपुच्छ आणि पादांशिक क्रम : निमुळतेपणाच्या दोन परंपरा

चेन्नईच्या दक्षिणेस पळ्ळिकरणै पाणथळीला लागून असलेले पेरुंगुडी २०११ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या कडेने जाणारा जुना महाबलीपुरम रस्ता आज संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी आणि रुग्णालयांनी व्यापलेला आहे. या परिसरात इंग्रजीतील ‘टेपर’ हा शब्द दोन व्यवसायांत दोन अर्थांनी चालतो. संरचना-अभियंत्याच्या आराखड्यात तो वर निमुळत्या होत जाणाऱ्या खांबाविषयी असतो, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत टप्प्याटप्प्याने उतरवायच्या औषधाच्या मात्रेविषयी. मराठीत या दोहोंना सामावणारा एक शब्द रूढ नाही. ‘निमुळता’ हे विशेषण औषधाला लागत नाही आणि ‘हळूहळू कमी करणे’ हे मनोऱ्याविषयी बोलले जात नाही. ही मराठीची उणीव समजावी, की दोन भिन्न व्यवहारांमधील भेदाची जाण, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येतो.

‘टेपर’चा मूळ अर्थ मेणबत्ती. टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या मेणबत्तीच्या आकारावरून क्रियापद सिद्ध झाले आणि पुढे ते काळाच्या ओघात घटणाऱ्या कोणत्याही गोष्टीला लागू झाले. संस्कृत परंपरेने याच आकारासाठी घरच्या गोठ्यातील उपमा निवडली : गोपुच्छ, म्हणजे गायीचे शेपूट. भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंगवर्गातील वाद्यांचे आकार हरीतकी, यव आणि गोपुच्छ या तीन उपमांनी सांगितले आहेत. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीची नळी गोपुच्छासारखी असावी असे विधान आहे. तिचे मूळ रुग्णाच्या अंगठ्याइतके आणि अग्र करंगळीइतके जाड असावे, असे मापही तेथे दिलेले आहे. म्हणजे वैद्यकाला ही उपमा परकी नव्हती. उपकरणाच्या आकारासाठी ती वैद्यांच्या नित्य परिचयाची होती.

वास्तूच्या बाबतीत निमुळतेपणाचे कारण भारात आहे. दगडाच्या रचलेल्या शिखरात प्रत्येक थरावर फक्त त्याच्या वरच्या थरांचे ओझे येते. सर्वांत वरच्या थराला जवळजवळ काहीच पेलायचे नसते. वाऱ्याच्या रेट्याने निर्माण होणारा वाकही पायाशी सर्वाधिक असतो. जेथे भार कमी तेथे द्रव्य कमी, हा त्यामागचा साधा हिशेब. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे १०१० मध्ये पूर्ण झालेले विमान सुमारे ६० मीटर उंच आहे. दोन मजल्यांच्या सरळ भिंतींवर तेरा तळ एकामागून एक आत सरकत जातात. याच मंदिराच्या आवारात १८०३ मध्ये सरफोजी राजे भोसले यांनी आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या त्या विमानाच्या सावलीत असलेला हा मराठी लेख तंजावरच्या बहुभाषिक संस्कृतीची खूण म्हणून सर्वपरिचित आहे.

पेरुंगुडीहून निघालेला रस्ता जेथे पोहोचतो, त्या मामल्लपुरम येथे मात्र वेगळे दृश्य दिसते. सातव्या शतकातील धर्मराज रथ हा एकसंध खडकातून, वरून खाली कोरत आणलेला आहे. थरावर थर रचलेच गेले नसल्यामुळे तेथील निमुळतेपणा रचनेच्या गरजेतून आलेला नाही. बांधीव मंदिराचा आकार खडकाने उसना घेतला आहे. पेरुंगुडीच्या काचेच्या इमारतींत याच्या नेमके उलट घडते. बाहेरून इमारत तळापासून माथ्यापर्यंत सारख्याच रुंदीची असते, पण आतील काँक्रीटचे खांब वरच्या मजल्यांवर सामान्यतः बारीक केलेले असतात. मामल्लपुरम येथे कारणावाचून आकार आहे, पेरुंगुडीत आकारावाचून कारण आहे, आणि तंजावरात दोन्ही एकत्र नांदतात. आकार आणि कारण यांची अशी फारकत होऊ शकते, हे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

वैद्यकातील क्रमिक घटीचा जुना विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात येतो. अंगवळणी पडलेले अहितकर अन्न वा आचार एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करावा आणि त्याची जागा हितकराने त्याच प्रमाणात भरून काढावी, असे तेथे सांगितले आहे. यालाच पादांशिक क्रम म्हणतात. वाग्भटाने अष्टांगहृदयात चतुर्थांशाबरोबरच त्याच्याही चतुर्थांशाची, म्हणजे सोळाव्या भागाची, मुभा दिली. दोन पायऱ्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर सांगितले. आणि सवय एकाएकी मोडल्यास विकार उद्भवतात, असा इशाराही दिला. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, गोपुच्छाची उपमा हाताशी असूनही या क्रमाला तिचे नाव दिले गेले नाही.

काळातील चढउतारांना आकाराचे नाव देण्याची रीत नव्हती, असेही नाही. चांद्रायण व्रतात घासांची संख्या एकापासून पंधरापर्यंत वाढवून पुन्हा उतरविण्याच्या प्रकाराला धर्मशास्त्राने ‘यवमध्य’ म्हटले. जवाचा दाणा मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना बारीक असतो म्हणून. चरकाच्या वर्धमान पिप्पली रसायनाची आकृतीही हीच आहे. रोज दहा पिंपळ्या वाढवीत दहाव्या दिवशी शंभर, मग रोज दहा कमी करीत एकोणिसाव्या दिवशी पुन्हा दहा. बेरीज बरोबर एक हजार. तरीही सवय सोडविण्याच्या प्रसंगी शास्त्रकारांनी आकृती बाजूला ठेवून ‘पाद’ आणि ‘क्रम’, म्हणजे माप आणि पायरी, हे शब्द पसंत केले.

या निवडीचा अर्थ विसाव्या शतकातील एका औषधाने स्पष्ट होतो. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रथम उपयोग केला. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाच्या विलक्षण गुणाबरोबर त्याचा धोकाही लवकरच लक्षात आला. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मेंदूतील पियूषिका ग्रंथी आपला संदेश थांबविते आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होते. अशा वेळी औषध एकदम तोडले, तर शरीराजवळ स्वतःचे काही उरत नाही. रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवितात आणि प्रत्येक पायरीवर ग्रंथीला जागे होण्यास अवधी देतात.

येथे दोन निमुळतेपणांतील भेद उघड होतो. शिखर वर निमुळते होते, कारण तेथे भार कमी असतो. मात्रा उतरविली जाते, ती भार कमी झाला म्हणून नव्हे, तर तो पुन्हा शरीराच्या खांद्यावर सोपवायचा आहे म्हणून. पहिल्यात भारानुसार द्रव्य घटते. दुसऱ्यात द्रव्य घटते तसा भार दुसरीकडे वाढतो. मनोऱ्याचे चित्र औषधाला लावले की केवळ घट दिसते, हस्तांतर दिसत नाही. चरकाच्या वचनात मात्र जेवढे अहित सुटते तेवढे हित जागा घेते, ही दुसरी बाजू स्पष्टपणे नोंदलेली आहे.

हाच भेद साहित्यशास्त्रालाही जाणवला होता. नाटकाची रचना गोपुच्छाग्रासारखी असावी, या भरताच्या सूचनेचे दोन अर्थ चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात नोंदविले आहेत. काहींच्या मते अंक उत्तरोत्तर लहान होत जावेत. इतरांच्या मते शेपटीतील केस जसे काही आखूड, काही लांब असतात, तशी नाटकातील काही कार्ये आरंभीच्या संधीत संपावीत, काही पुढच्या संधींत. पहिला अर्थ शिल्पकाराचा आहे; तो बाह्य आकार पाहतो. दुसरा अर्थ वैद्याच्या दृष्टीला जवळचा आहे. कोणता धागा केव्हा सुटावा याचा तो विचार करतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात गोपुच्छा ही यती सांगितली, आणि मराठ्यांच्या तंजावर राज्यातील तिरुवारूर येथे जन्मलेल्या मुत्तुस्वामी दीक्षितरांनी (१७७५–१८३५) आपल्या कृतींत पदाची अक्षरे ओळीगणिक गाळीत हे तत्त्व शब्दांत उतरविले. तेथेही प्रत्येक पायरीवर उरलेल्या अक्षरांना स्वतंत्र अर्थ असावा लागतो. नुसती अक्षरे गाळून भागत नाही.

तेव्हा मराठीत ‘टेपर’ला एक शब्द नसणे ही उणीव ठरत नाही. उणीव आहे ती वेगळीच. ‘औषध कमी करा’ एवढ्यावर थांबणाऱ्या सूचनेतून माप आणि अंतर या दोन्ही गोष्टी गळून जातात, आणि बरे वाटू लागलेला रुग्ण ‘कमी’चा अर्थ ‘बंद’ असा घेऊ शकतो. पादांशिक क्रमाच्या परंपरेने किती, किती दिवसांनी आणि त्याच्या जागी काय, हे तिन्ही प्रश्न वाक्यातच ठेवले होते. या संकल्पनेचे मराठी भाषांतर करताना पर्यायी शब्दापेक्षा हे तीन प्रश्न शाबूत राखणे अधिक निकडीचे आहे.