नाणेघाट : जकातीचा रांजण आणि भिंतीवरचा हिशेब

आजच्या टोलनाक्यांचा पूर्वज महाराष्ट्रात शोधायचा तर जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या शेजारी असलेल्या नाणेघाटात जावे लागते. कल्याण-माळशेज मार्गावरील वैशाखरे गावाजवळून चढणारी ही पायवाट घाटमाथ्यावर घाटघरला पोहोचते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतील माल जुन्नर, पैठण व तेरकडे नेणाऱ्या मार्गांतील हा एक महत्त्वाचा दुवा. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, येथे कातळ फोडून वाट करण्यात आली. ही वाट चाकांची नव्हे. अरुंद नाळेतून आणि दगडी पायऱ्यांवरून गाडी चढणे शक्यच नाही. माल वाहायचा तो बैलांच्या पाठीवरून. वर पोहोचताना सारा तांडा एका चिंचोळ्या फटीतून बाहेर पडतो. जकात चुकवून निसटण्याची सोय नसलेली अशी जागा शोधूनही सापडणार नाही!

याच ठिकाणी एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकातीची नाणी त्यात टाकली जात आणि त्यावरूनच घाटाला नाणेघाट हे नाव पडले, असे परंपरा सांगते. येथे येणारा प्रत्येक पर्यटक ही कथा ऐकूनच परततो. मात्र रांजणावर जकातीचा उल्लेख करणारा लेख नाही, आणि जवळच्या लेण्यातील प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेखही जकातीविषयी चकार शब्द काढत नाही. जकातीची बाजू उभी आहे ती घाटाचे नाव, रांजण आणि जागेची रचना यांच्या आधारावर. ती पटण्यासारखी आहे, पण पुरावा म्हणून तिची मर्यादा ध्यानात ठेवलेली बरी.

लेणे बोलते ते पैशाच्या दुसऱ्या टोकाविषयी. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकांच्या नजरेस आणलेला हा प्राकृत लेख सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जातो. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची ती लांबलचक नोंद आहे. एके ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, तर दुसरीकडे २४,४०० कार्षापण. कार्षापण म्हणजे त्या काळचे चलनी नाणे. एवढी नाणी दान करणाऱ्या घराण्याने आपला लेख राजधानीत नव्हे, तर व्यापारी मार्गाच्या ऐन तोंडाशी कोरावा, याचा अर्थ वाटसरूलाही कळत असणार.

या आकड्यांमुळे लेखाला आणखी एक मोल आले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकचिन्हांचा उलगडा केला. १०, १०० आणि १,००० यांना येथे स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य आणि स्थानमूल्य नाही. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ही चिन्हे गणली जातात.

मार्गावर वाटसरूंसाठी पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. त्यांपैकी एक 'पोढी', म्हणजे टाके, सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचे तेथील लेखावरून समजते. वाटेच्या सोयी केवळ राजाच्या तिजोरीतून झाल्या नाहीत, हे या छोट्या लेखाने दाखवून दिले.

या मार्गाचे उत्पन्न शत्रूच्याही डोळ्यांत होते. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथानुसार कल्याणच्या व्यापाराला अडथळा आणला गेला होता आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख खुद्द जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे. काही काळ हा प्रदेश सातवाहनांच्या हातून गेला होता, याची ती साक्ष. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला.

आज रांजण शाबूत असला तरी लेण्याची स्थिती तशी नाही. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार आदींच्या प्रतिमा होत्या. वर कोरलेल्या नावांमुळे त्या कोणाच्या हे कळते. मूर्तींच्या जागी पावलांच्या खुणाच काय त्या उरल्या आहेत. शिलालेखाचीही बरीच अक्षरे झिजली असून, १८८३ मध्ये ब्यूलर यांनी प्रसिद्ध केलेल्या वाचनाचा आधार अभ्यासकांना अजूनही घ्यावा लागतो. पावसाळ्यात नानाच्या अंगठ्यावरून कोकण पाहण्यासाठी गर्दी लोटते. तिच्यातील अनेकांचे फोटो रांजणापाशी निघतात. काही पावलांवरील २४,४०० चा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.