जुना लेथ विकत घेण्यापूर्वी तो वाचावा कसा?

१/ घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी जुना लेथ घ्यावा का, हा प्रश्न विक्रोळीत पडणे स्वाभाविक आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगत एकेकाळी कारखान्यांची रांग होती. कारखाना उठला की यंत्र वजनावर विकले जाते. अशा यंत्राला ऐतिहासिक साधनाप्रमाणे बाह्य व अंतरंग परीक्षण लावले, तर ग्राहक आणि अभ्यासक या दोघांचाही लाभ होतो.

२/ आधी तत्त्व पाहू. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार तिला कापते. लाकूड कातणाऱ्या कातारींना हे पूर्वापार ठाऊक होते. धातूसाठी मात्र हाताची पकड पुरत नाही. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने सरकता हत्यारधारक, लीड स्क्रू आणि बदलती गिअरचाके एकत्र जुळवली. त्यामुळे एकसारखे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले.

३/ विक्रोळीची औद्योगिक ओळख याच अचूकतेवर उभी आहे. १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासून आरंभ करणाऱ्या गोदरेजने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीत बारा लाखांहून अधिक मतपेट्या बनवल्या. १९५५ मध्ये तिचे टंकलेखन यंत्र आले. अशा उत्पादनामागे साचे घडवणारी टूलरूम असते आणि टूलरूममध्ये लेथ असतो.

४/ बाह्य परीक्षण नावाच्या पाटीपासून सुरू होते. ब्रिटिश नाव आयातीची आठवण देते. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर १९४१ ची, तर बंगळुरूची एचएमटी १९५३ ची. बटाला किंवा राजकोट असे गाव दिसले, तर लहान उत्पादकांच्या परंपरेकडे बोट जाते. पण पाटी बदलता येते, मोटर नवी बसवता येते आणि ताजा रंग बरेच काही झाकतो.

५/ म्हणून अंतरंग पाहावे. लीड स्क्रूवर एका इंचात चार आटे आहेत, की दोन आट्यांमधले अंतर ६ मिमी आहे? भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. इंची लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे, तर १२७ दात्यांचे चाक लागते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या असल्याने लहान चाकांच्या जोडणीतून ती साधता येत नाही.

६/ मात्र इंची स्क्रू दिसला म्हणून यंत्र १९५८ पूर्वीचे ठरत नाही. जुन्या आराखड्यांवर यंत्रे पुढेही बनत राहिली. या पुराव्यातून परंपरा कळते. निर्मितीचे वर्ष निश्चित होत नाही.

७/ सर्वांत बोलका पुरावा म्हणजे बेडची झीज. आखूड कामे चकजवळच होतात, म्हणून बेड तिथे अधिक झिजतो. तिथे कॅरेजची पट्टी घट्ट बसवून कॅरेज टेलस्टॉककडे न्यावी. ती अडकू लागली तर झीज मोठी आहे. अभ्यासकाला यात वर्षानुवर्षांच्या श्रमाची खूण दिसते. ग्राहकाला मात्र निमुळते होणारे काम आणि बेड ग्राइंड करण्याचा खर्च दिसतो. दोघांचेही बरोबर आहे.

८/ माझे मत असे: झीज माफक असेल, गिअरचाकांचा संच पूर्ण असेल आणि तळमजल्यावर भक्कम जागा असेल, तरच घ्यावा. वजन शेकडो किलो असते आणि थ्री-फेज मोटर घरच्या साध्या जोडणीवर थेट चालत नाही.

९/ घेतलाच, तर रंग खरवडण्यापूर्वी पाटी, क्रमांक, गिअरचा तक्ता आणि कोणी ठोकलेली आद्याक्षरे यांची छायाचित्रे काढावीत. विकणाऱ्याला विचारावे: हा कोणत्या कामावर होता, कोण चालवत असे? मोठ्या उद्योगांना अभिलेखागार असते; गोदरेजचे विक्रोळीतच आहे. गाळ्यातल्या टर्नरच्या कामाची नोंद बहुधा कुठल्याच दप्तरात नसते. ती त्याच्या यंत्रावर उरते, आणि यंत्र भट्टीत गेले की तीही जाते.