दगडावरचं रजिस्टर

स्मरणिका समितीने "इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी हातच जोडले. मी काही इतिहासकार नाही. बी.ए.ला इतिहास होता एवढंच. पुढची ३६ वर्षं बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली. पण २०२३च्या जानेवारीत आपल्या ज्येष्ठ नागरिक गटातले आम्ही नऊ जण तंजावरला गेलो होतो. तिथल्या देवळाच्या भिंतीवर जे पाहिलं, ते बँकवाल्यानेच सांगावं असं आहे. शिवाय त्याच्याशी आपल्या सोसायटीचं एक जुनं देणं जोडलेलं आहे.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी बृहदीश्वराच्या अंगणात उभे राहिलो. चोळ राजा राजराज पहिला याने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. शिखर सुमारे २०० फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं. आणि गंमत म्हणजे तंजावरच्या आसपास ग्रॅनाइटचा डोंगरच नाही. दगड लांबून आणला. गटातली मंडळी माना वर करून शिखराचे फोटो काढत होती. आमच्याबरोबर एक निवृत्त तमिळ शिक्षक माहिती द्यायला होते. ते मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले ना? मग खाली बघा."

खाली जोत्यावर, हात पोचेल तिथपर्यंत अक्षरंच अक्षरं.

तंजावर आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास याच देवळात मराठीत कोरून घेतला. इतक्या दूर भिंतीवर मराठी पाहून आमच्या बायकांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या ८०० वर्षं आधीच्या तमिळ लेखांनी. परत आल्यावर त्यांची भाषांतरं मिळवून वाचली.

राजाची आज्ञा अशी, की आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतर कोणी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. ही बहीण म्हणजे कुंदवै. राणीवशाच्याही आधी बहिणीचा उल्लेख आहे, हे आमच्या हिने लगेच टिपलं.

पुढे दागिन्यांची यादी. मी शाखेत असताना सोनेतारणाचं काम बरीच वर्षं पाहिलंय. सोनाराने आधी वजन करायचं, मग खडे, लाख वजा करायची. इथे एकेका दागिन्याचं वजन दिलंय, मोती किती ते मोजलेत, त्यांतले गोल कुठले, खडबडीत कुठले तेही लिहिलंय. आणि वजन लाख-दोरा धरून आहे हेसुद्धा! देवाचा दागिना म्हणून डोळे मिटून नोंद केलेली नाही.

देवळाच्या खजिन्यातून गावसभांना कर्जं दिलेली आहेत. व्याजाचा दर काशुमागे वर्षाला एक अष्टमांश काशु. काशु म्हणजे त्या काळचं नाणं. आपल्या हिशोबाने साडेबारा टक्के. काही ठेवींच्या व्याजातून देवाच्या स्नानासाठी वेलदोडे, सोनचाफ्याच्या कळ्या आणि वाळा यायचा. मूळ रक्कम हलवायची नाही. आपला सिंकिंग फंड मोडायला निघणाऱ्यांनी हे वाचावं.

पण सगळ्यात मोठी यादी माणसांची आहे. देवळाच्या सेवेसाठी ४०० स्त्रिया इतर देवळांतून आणल्या होत्या. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातली, आणि तंजावरात तिला कुठल्या गल्लीत, कुठल्या रांगेत, कितवं घर दिलं, हे सगळं कोरलेलं आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम भात. त्यांची मर्जी कोणी विचारली होती का, हे लेख सांगत नाही. पुढे वादक, हिशेबनीस, शिंपी, परीट, कुंभार, न्हावी. आणि शेवटी नियम. यांच्यापैकी कोणी वारला किंवा परगावी गेला, तर जवळच्या नातेवाइकाने काम करावं आणि वाटा घ्यावा. त्याला काम येत नसेल, तर त्याने येणारा माणूस निवडावा. नातेवाईकच नसेल, तर बरोबरच्यांनी निवडावा. हजार वर्षांपूर्वीचं नॉमिनेशनच की हे!

हे वाचताना मला आपले वॉचमन मामा आठवले.

सोसायटीच्या दारात १९ वर्षं त्यांनी काढली. २०२०च्या जूनमध्ये ते गावी वारले. आपण वर्गणी काढली, ४८,००० रुपये जमले. त्यांच्या पत्नीच्या नावे चेक लिहायला खजिनदार म्हणून मी बसलो आणि पेन थांबलं. मामांचं पूर्ण नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, बाईंचं नाव तर नाहीच. दप्तर काढलं. दर महिन्याच्या व्हाउचरवर "वॉचमन मामा, पगार" एवढंच, माझ्याच अक्षरात. खाली त्यांची सही, नुसता अंगठा. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांच्या गावच्या एकाचा फोन नंबर मिळवून दिला. चेक निघायला १७ दिवस लागले. ते १७ दिवस त्या घरात कसे गेले असतील, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. माझा ताळेबंद एका पैशाने कधी चुकला नाही, पण ही चूक माझी.

आणखी एक गोष्ट. हे देऊळ कोणी बांधलं हे मधल्या काळात लोक विसरूनच गेले होते. श्रेय दुसऱ्याच एका चोळ राजाला दिलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हुल्श या जर्मन पंडिताने जोत्यावरचे लेख वाचले, तेव्हा राजराजाचं नाव पक्कं झालं. म्हणजे २०० फुटी शिखराने राजाचं नाव राखलं नाही. ज्या भिंतींवर परटा-न्हाव्यांचे वाटे लिहिले होते, त्याच भिंतींवरून ते परत मिळालं.

आपल्या आय आणि जे रजिस्टरांत सभासद सगळे आहेत. या स्मरणिकेत कर्मचाऱ्यांसाठी एक पान वाढवायला मी समितीला गळ घातली. एका जाहिरातीचं पान गेलं, पण समितीने मानलं, त्यांचे आभार. त्या पानावर पहिलंच नाव मामांचं आहे, गावासकट, पत्नीच्या नावासकट. तेवढं पान उलटण्याआधी वाचा.

आणि हो, ज्या अकरा सभासदांचे नॉमिनेशन फॉर्म अजून यायचेत, त्यांनी ते या महिन्यात कार्यालयात द्यावेत. राजराजाने हे काम हजार वर्षांपूर्वीच संपवलं होतं.