एमबीआर म्हणजे काय? विषारी सांडपाण्यात जिवाणू कसे टिकतात?

काही वर्षांपूर्वी मी एका केमिकल कारखान्याच्या ईटीपीवर कामाला होतो. एका सकाळी बघतो तर एअरेशन टँकवर पांढरा फेस आणि सेटलिंग टँकमधून गाळ पाण्याबरोबर बाहेर चाललेला. रात्रपाळीत कुणीतरी फिनॉलची बॅच न सांगता ड्रेनला सोडली होती. टँकमधले बरेचसे जिवाणू मेले. प्लँट रुळावर यायला तीन आठवडे लागले. त्यामुळे "एमबीआर बसवला की टेन्शन संपलं" असं कुणी म्हटलं की मी हा किस्सा सांगतो.

मूळ पद्धत

सांडपाण्यात हवा सोडायची, जिवाणूंना त्यातली घाण खाऊ द्यायची आणि मग गाळ खाली बसवून वरचं पाणी काढायचं. ही ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत १९१४ साली इंग्लंडमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. तिची कमजोर बाजू म्हणजे गाळ बसणं. विषारी पाण्याने जिवाणू बिथरले की गाळ नीट बसत नाही आणि पाण्याबरोबर कामाचे जिवाणूही वाहून जातात.

एमबीआरमध्ये काय बदलतं?

एमबीआर म्हणजे मेम्ब्रेन बायोरिॲक्टर. इथे सेटलिंग टँकच्या जागी मेम्ब्रेन येतं. त्याची छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात. बहुतेक जिवाणू यापेक्षा मोठे, म्हणून ते आत अडकतात आणि पाणी गाळून बाहेर येतं. सुरुवातीला मेम्ब्रेन टँकबाहेर असायचं. १९८९ मध्ये जपानच्या यामामोतो आणि सहकाऱ्यांनी ते थेट टँकमध्ये बुडवून दाखवलं. त्यात पंपाची वीज बरीच वाचली.

विषारी पाण्यात याचा फायदा काय?

पाणी टँकमध्ये काही तास थांबतं, पण जिवाणू कित्येक आठवडे राहू शकतात. फिनॉलसारखं रसायन पचवणारे किंवा अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू हळू वाढतात. साध्या प्लँटमधून ते वाढायच्या आत वाहून जाऊ शकतात, इथे टिकतात. साध्या टँकमध्ये लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम गाळ असतो, एमबीआरमध्ये ८ ते १२ ग्रॅम चालतो. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त कामगार!

सर्वांत मोठा गैरसमज

मेम्ब्रेन विष अडवत नाही. फिनॉलचा रेणू त्या छिद्रापुढे फारच लहान, तो आरामात पार होतो. विरघळलेल्या क्षारांचंही तेच, त्यांना पुढे आरओ लागतो. विष संपवतात ते जिवाणूच. मेम्ब्रेन फक्त त्यांना सांभाळतं. फिनॉल थोडं असेल तर जिवाणूंचं अन्न, एकदम जास्त आलं तर मरण. म्हणून आधी इक्वलायझेशन टँक हवा, आणि नवीन रसायन थोडं थोडं वाढवत जिवाणूंना सवय लावायला हवी. आमच्याकडे त्या रात्री एमबीआर असता तर गाळ वाहून गेला नसता, पण जिवाणू तरीही मेले असते.

पाणी फारच आम्लयुक्त किंवा खारट असेल तर वेगळी युक्ती आहे: एक्स्ट्रॅक्टिव्ह एमबीआर. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये अँड्र्यू लिव्हिंगस्टन यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर काम केलं. सिलिकॉन रबराच्या नळीच्या आत सांडपाणी, बाहेर जिवाणू. क्लोरोबेंझीनसारखी सेंद्रिय रसायनं रबरातून झिरपून जिवाणूंपर्यंत पोहोचतात. क्षार आणि खनिज आम्ल आतच राहतात.

अडचणी

मुख्य डोकेदुखी म्हणजे फाउलिंग, मेम्ब्रेन चोंदणं. जिवाणूंना विषाचा झटका बसला की ते चिकट द्रव्य सोडतात आणि पाणी ओढायला लागणारा दाब वाढतो. हा दाब रोज लिहून ठेवा. तो अचानक चढला तर टँकमध्ये काहीतरी बिघडतंय. उपाय म्हणजे खालून हवेचे बुडबुडे, सेंद्रिय थरासाठी सोडियम हायपोक्लोराइट आणि क्षारांच्या थरासाठी सायट्रिक ॲसिड. बुडबुड्यांमुळे वीजबिल साध्या प्लँटपेक्षा जास्त येतं.

घेण्याआधी काय तपासाल?

- बीओडी आणि सीओडीचं प्रमाण: बीओडी फारच कमी असेल तर जिवाणूंना खाण्याजोगं त्यात फारसं नाही.
- टीडीएस आणि तेल: तेल मेम्ब्रेनच्या आधीच काढा.
- तुमच्याच पाण्यावर काही आठवडे छोटी चाचणी: दुसऱ्याच्या पाण्याचे आकडे कामाचे नाहीत.

आणि प्रॉडक्शन व ईटीपी यांच्यात एक साधी वही ठेवा: कोणती बॅच, किती वाजता सोडणार. आमच्याकडे ती वही त्या सकाळनंतर सुरू झाली.