वाड्यातली भाऊबंदकी आणि आपण

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बांधावरून दोन भावांत वाद पेटला, की लोक म्हणतात, भाऊबंदकी माजली. हाच शब्द कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ मध्ये आपल्या नाटकाला दिला. विषय होता ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा खून. शेताचा बांध काय नि पेशव्यांची गादी काय, मराठीत दोन्हींना एकच शब्द पुरतो. राजघराण्यांच्या गोष्टींची आपली ओढ का संपत नाही, याचं उत्तर मला या शब्दात सापडतं.

इंग्रजांना असंच वेड ट्यूडर घराण्याचं. आठव्या हेन्रीने सहा लग्नं केली, त्यातल्या दोन राण्यांचा शिरच्छेद करवला. त्याच दरबारावरच्या ‘वुल्फ हॉल’ कादंबरीसाठी हिलरी मँटेलला २००९ मध्ये बुकर पारितोषिक मिळालं. शेवट ठाऊक असूनही वाचक ओढला जातो. आपणही ‘स्वामी’ वाचतो, तेव्हा माधवराव तरुणपणीच जाणार हे माहीत असतंच की!

त्या घराण्याची शेवटची राणी एलिझाबेथ गादीवर असतानाच आमच्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांच्या घरी जिजाऊ जन्मल्या. तारीख १२ जानेवारी १५९८ मानतात. पुढे खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, त्या गोंधळात जाधव-भोसल्यांच्याच तलवारी एकमेकांवर उठल्या, असं बखरी सांगतात. जिजाऊंचा माहेरचा भाऊ गेला आणि सासरचा चुलत दीरही. जुलै १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजी मुला-नातवासह मारले गेले. शिवराय जन्मले १९ फेब्रुवारी १६३० रोजी. म्हणजे वडील मारले गेले, तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या.

ती बातमी ऐकून त्या काय बोलल्या असतील? इथे कागदपत्रं गप्प होतात आणि कादंबरीकार बोलू लागतो. मी कवी आहे, ही मुभा मलाही हवी असते. पण लेखकाने रचलेला संवाद म्हणजे पुरावा नव्हे. कादंबरी मिटून किंवा सिनेमा पाहून उठलेला माणूस तो संवाद पुरावा म्हणून शेजाऱ्यापुढे धरतो, तेव्हा त्याची झळ माझ्यासारख्या मुसलमानाच्या दारापर्यंत येते.

खरा इतिहास इतकी सोपी वाटणी करून देत नाही. लखुजींचा घात निजामशाही दरबारात झाला. आणि शहाजी, शरीफजी ही मालोजी भोसल्यांच्या मुलांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. या दोन्ही गोष्टी एकाच सोयरिकीतल्या आहेत. एक सांगून दुसरी गाळली, तर गोष्ट अर्धीच राहते.

म्हणून कादंबऱ्या जरूर वाचा. मीही वाचतो, रात्र रात्र जागून वाचतो. मात्र एखादा प्रसंग मनाला फार भिडला, तर इतिहासाचं एखादं पुस्तक काढून तो तिथे आहे का, एवढं पाहा. नसला तरी कादंबरी गोड लागायची थांबत नाही. फक्त तिच्या जोरावर आपण शेजाऱ्याशी भाऊबंदकी उकरून काढत नाही.