रणजी करंडकाचा पश्चिम विभाग



क्रिकेटचा इतिहास आपल्याकडे बहुधा धावांचा आणि बळींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी किती काढल्या, कोणी किती गडी टिपले, हे सांगणारास आणि ऐकणारास दोघांसही गोड लागते. आज आम्ही घेतलेला विषय त्या मानाने कोरडा वाटण्याचा संभव आहे. रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा देशाचे काही विभाग पाडण्यात आले. त्यांपैकी पश्चिम विभागाचा हा इतिहास आहे. त्यात धावा येतील, बळीही येतील. परंतु आम्हांस मुख्यतः पाहावयाचे आहे ते हे की, सोयीसाठी आखलेली एक रेषा खेळाडूच्या आयुष्यात काय घडविते आणि काय बिघडविते.

माकणीच्या श्रोत्यांस रेषेचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. तेरणेच्या काठाने काही अंतर गेले की नदी हीच जिल्ह्याची हद्द होते. सास्तूर धाराशिवात, किल्लारी लातुरात. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ च्या नोव्हेंबरात तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. नदी तीच, रान तेच. पण अर्ज कोणत्या कचेरीत द्यावयाचा आणि दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रत्येक वेळी रेषेने ठरविले. खेळाचेही तसेच आहे.

रणजी करंडकाची कल्पना १९३४ साली सिमल्याच्या बैठकीत मान्य झाली. करंडक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी दिला. नाव दिले गेले ते आदल्याच वर्षी दिवंगत झालेल्या नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहांचे. पहिला सामना त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला मद्रास आणि म्हैसूर यांच्यात सुरू झाला आणि एका दिवसात संपलाही. देशाचे उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम असे चार विभाग करण्यात आले. प्रत्येक विभागात बाद पद्धतीने सामने व्हावयाचे, विभागाचा जो विजेता ठरेल त्याने पुढे इतर विभागांच्या विजेत्यांशी झुंजावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेचा मोठेपणा समजण्यास त्या वेळची दुसरी स्पर्धा आठवली पाहिजे. मुंबईची तिरंगी स्पर्धा १९०७ मध्ये सुरू झाली, १९१२ मध्ये ती चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि ‘इतर’ असे तिचे संघ होते. मैदाने फुलून जात, खेळही उत्तम होई. पण प्रेक्षक आपापल्या धर्माचा झेंडा मनात घेऊन बसत. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ती बंद पडली. रणजी करंडकाने माणसे धर्माने न वाटता गावाने आणि प्रांताने वाटली. एकाच महाराष्ट्र संघात किंवा एकाच मुंबई संघात हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती बरोबरीने उतरू लागले. विभागाची रेषा जन्मली ती अशा चांगल्या कुळात, हे प्रथम नमूद केले पाहिजे. शिवाय खेळाडू हौशी होते. कोणी कारकून, कोणी विद्यार्थी, कोणी अध्यापक. महाराष्ट्राचे कर्णधार दि. ब. देवधर हे स्वतः पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते. अशा माणसांनी आगगाडीने हिंदुस्थानभर फिरावे कसे? जवळच्यांनी जवळच्यांशी खेळावे, हेच व्यवहाराचे होते.

पश्चिम विभागात आरंभी मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध आणि काठेवाडातील संस्थानांचा ‘वेस्टर्न इंडिया’ हे संघ होते. पुढे १९३६ मध्ये नवानगर आले आणि १९३७ मध्ये बडोदे. कराचीपासून पुण्यापर्यंत पसरलेला हा विभाग पहिल्यापासूनच बलाढ्य निघाला. पहिली दोन वर्षे करंडक मुंबईने घेतला. तिसऱ्या वर्षी नवानगर स्पर्धेत प्रथमच उतरले आणि करंडक घेऊनच परतले. १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोन हंगाम देवधरांच्या महाराष्ट्राचे होते. त्यांतील दुसऱ्या हंगामात देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. १९४२-४३ मध्ये बडोदे, १९४३-४४ मध्ये वेस्टर्न इंडिया. १९३४ ते १९५० या पहिल्या सोळा हंगामांत बारा वेळा करंडक पश्चिमेच्या कोणत्या ना कोणत्या संघाने जिंकला, आणि ते संघ एकूण पाच होते.

मधे एक हंगाम असा आला की, ज्याची आठवण आपल्या भागाने ठेवावयास हवी. १९३७-३८ च्या अंतिम सामन्यात पश्चिमेचे नवानगर आणि दक्षिणेचे हैदराबाद समोरासमोर आले. हैदराबादने तो सामना अवघ्या एका गड्याने जिंकला. एडुलजी ऐबारा १३७ धावांवर नाबाद राहिले. उस्मानाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे क्रिकेटच्या नकाशावर आपले आजोबा दक्षिण विभागाचे होते! पुण्याशी आपली भाषा एक, पंढरीची वाट एक. पण खेळाची रेषा आपल्या पश्चिमेकडून गेलेली होती.

फाळणीने सिंध गेले. संस्थाने विलीन झाली तसे नवानगर आणि वेस्टर्न इंडिया हे संघही मावळले, आणि १९५० पासून सौराष्ट्र हा एकच संघ त्यांच्या जागी उभा राहिला. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. बडोद्याचा संघ मात्र टिकला. अशा रीतीने मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र हे पाच जणांचे कुटुंब ठरून गेले आणि पन्नास वर्षे तसेच राहिले.

आता आम्ही मुद्द्याशी येतो. पाच बलवान भाऊ एका घरात आणि घराचे दार एकाच माणसापुरते, अशी ही स्थिती होती. १९४८-४९ या एका हंगामात नियामकांनी विभाग मोडून सर्व संघांची एकत्र सोडत काढली. त्या वर्षी काय झाले पाहा. अखेरच्या चार संघांत मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदे हे तिघे पश्चिमेचे होते. मुंबई व महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना १९४९ च्या मार्चमध्ये पुण्यास झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ केल्या. एकूण धावा २३७६! प्रथम दर्जाच्या एका सामन्यात याहून अधिक धावा तोवर जगात झालेल्या नव्हत्या. त्याच हंगामात पुण्यासच भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या विक्रमास नऊच धावा कमी असता प्रतिपक्षाने खेळ सोडून दिला. अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याचा पराभव केला. कुंपण एका वर्षापुरते निघाले आणि आत किती बळ दाटलेले आहे हे सर्वांस दिसले. दुसऱ्याच वर्षी कुंपण पुन्हा उभे राहिले.

१९५२ मध्ये मध्य विभाग नव्याने निघाला आणि विभाग पाच झाले. १९५७-५८ पासून विभागातील सामने बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने होऊ लागले. ही सुधारणाच होती. एका दिवसाच्या अपयशाने वर्ष फुकट जाण्याचे आता टळले. पण दार एकाच संघापुरते राहिले. त्या वर्षी त्या दारातून बडोदे गेले आणि करंडक घेऊन आले. पुढच्या वर्षापासून मुंबईचे राज्य सुरू झाले, ते १९७२-७३ पर्यंत. ओळीने पंधरा वर्षे करंडक मुंबईचा! मुंबईकरांच्या कर्तृत्वास आम्ही मनापासून मुजरा करतो. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५८-५९ पासून १९६९-७० पर्यंत बारा हंगामांत पश्चिमेतून पुढे गेली ती केवळ मुंबई. महाराष्ट्र, बडोदे, गुजरात आणि सौराष्ट्र यांच्या खेळाडूंना त्या बारा वर्षांत करंडकाचा एकही बादफेरीचा सामना खेळावयास मिळाला नाही. क्रिकेटपटूच्या उमेदीची वर्षे ती किती? दहा-बारा. एक संपूर्ण पिढी घराच्या अंगणातच खेळून निवृत्त झाली. त्याच काळात मध्य विभागातून राजस्थानने सात वेळा अंतिम सामना गाठला आणि सातही वेळा मुंबईकडून हार घेतली. राजस्थानचा संघ चांगला होता, यात संशय नाही. पण पश्चिमेचा दुसरा संघ त्याहून कमी होता की अधिक, हे मैदानावर ठरविण्याची सोयच नव्हती.

हा दोष काही आपल्याच देशाचा नव्हे. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरील हॉकीची एक जुनी धंदेवाईक लीग आहे, नॅशनल हॉकी लीग. बर्फावर घसरत जाऊन काठीने रबराची चकती मारावयाचा तो खेळ. कित्येक वर्षे तीत सहाच संघ होते. १९६७ मध्ये आणखी सहा घेतले आणि जुने सहा पूर्व विभागात, नवे सहा पश्चिम विभागात अशी वाटणी केली. दोन्ही विभागांतून एकेक संघ अंतिम फेरीत जावयाचा. परिणाम ठरलेलाच होता. नव्यांपैकी सेंट लुईसचा संघ १९६८, १९६९ व १९७० अशी तीन वर्षे अंतिम फेरीत गेला आणि तेथील बाराच्या बारा सामने हरला. १९६९-७० मध्ये तर पूर्वेत ९२ गुण मिळविणारा माँट्रियल पाचवा आला म्हणून घरी बसला, आणि ८६ गुणांवर सेंट लुईस पश्चिमेत पहिला ठरला. आमच्याकडे बलवान विभागाने भल्या संघांस झाकून ठेवले, तिकडे दुबळ्या विभागाने एकास उगाच उंच चढविले. नाणे एकच, आपण त्याच्या दोन बाजू पाहिल्या एवढेच.

योगायोग असा की दोन्ही ठिकाणी १९७०-७१ याच हंगामात दुरुस्ती झाली. तिकडे शिकागोच्या जुन्या संघास पश्चिमेत हलविले आणि उपांत्य फेरीत विभागांची अदलाबदल केली. इकडे प्रत्येक विभागातील पहिल्या दोन संघांस पुढे जाण्याची मुभा मिळाली. दार थोडे रुंद होताच पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात कोण उभे होते? मुंबई आणि महाराष्ट्र! सुनील गावसकर, अजित वाडेकर आदी मोहरे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असता सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनेच करंडक राखला. पण देशातील दुसरा संघ कोणता, याचे उत्तर त्या दिवशी मैदानाने दिले.

१९९२-९३ पासून प्रत्येक विभागाचे तीन संघ पुढे जाऊ लागले, आणि महाराष्ट्र त्याच वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. २००२-०३ मध्ये तर रणजी करंडकातून विभागच काढून टाकले आणि बलाबलानुसार ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे गट आले. त्यानंतरची यादी बोलकी आहे. २०१०-११ मध्ये राजस्थान खालच्या प्लेट गटातून वर येऊन विजेता ठरला. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राने वानखेडे मैदानावर मुंबईस उपांत्यपूर्व फेरीत हरविले आणि अंतिम सामना गाठला. २०१६-१७ मध्ये गुजरातने पहिल्यांदा करंडक जिंकला, तोही मुंबईस नमवून. २०१९-२० मध्ये सौराष्ट्र जिंकले. विदर्भाची गोष्ट तर विशेष आहे. १९५७ पासून हा संघ मध्य विभागात होता. राज्य महाराष्ट्र झाले तरी तो तेथेच राहिला. त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. यातील प्रत्येक विजयाचे श्रेय केवळ नियमबदलास द्यावे असे आम्ही म्हणत नाही. मेहनत, मार्गदर्शक, मैदाने हे सर्व त्यात आले. पण दार उघडे नसते तर मेहनत दाराशीच थांबली असती.

जुन्या व्यवस्थेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शेजाऱ्याशी दरवर्षी होणाऱ्या झुंजीत जी धार होती, ती विभागांबरोबर गेली. २०२४ च्या जानेवारीत सोलापूरच्या मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना झाला तो मणिपूरशी. इतक्या दूरचा पाहुणा आपल्या दाराशी यावा ही आनंदाचीच गोष्ट; तथापि मुंबईशी दरसालचा तंटा तो तंटाच! पश्चिमेचे संघ मोठे झाले ते एकमेकांच्या अंगावर घासून झाले, हे विसरता येत नाही. म्हणूनच विभागवार संघांची दुलीप करंडक स्पर्धा, जी १९६१-६२ मध्ये पश्चिम विभागाने प्रथम जिंकली, ती मधे रूप बदलूनही २०२५ मध्ये पुन्हा विभागांकडे वळली.

तेव्हा आमचे म्हणणे विभाग नकोत असे नाही. रेषा आखल्याशिवाय स्पर्धा भरत नाही आणि राज्यही चालत नाही. म्हणणे इतकेच की, रेषा माणसाने आखली आहे याचा विसर पडू नये, आणि दर काही वर्षांनी तिचा हिशेब मागितला जावा. आज आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत आहे. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर महाराष्ट्राकडून खेळला आणि २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. असे आणखी किती जण आपल्या शिवारात चेंडू टाकीत असतील, हे कोणी सांगावे?

आपल्यापैकी पुष्कळ जण यात्रेत कबड्डीचे सामने भरवितात, शाळांच्या खो-खोच्या स्पर्धांत पंच म्हणून उभे राहतात. गट पाडण्याची वेळ आली म्हणजे हा इतिहास आठवावा. दोन तगडे संघ एकाच गटात पडले असतील तर त्यांतील दुसऱ्यास पुढे जाण्याची एक वाट नियमात लिहून ठेवावी. गट पाडावयास पाच मिनिटे लागतात. त्याने ज्या पोराचे वर्ष जाते, ते मात्र परत येत नाही.