गोटीचं कूळ

गळीत हंगाम आटोपून बॉयलर थंड झाला की कारखान्यात दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. माजलगाव, केज, परळी या बीडच्या ऊसपट्ट्यात काय किंवा राज्यात इतरत्र काय, जिथे कारखान्याला इथेनॉलची आसवनी जोडलेली आहे तिथे काही वर्षांनी एक काम निघतंच: निर्जलीकरणाच्या उभ्या टाक्या उपसून पुन्हा भरायच्या. टाकीच्या तळाशी लोखंडी जाळी असते. तिच्यावर आधी पंचवीस मिलिमीटरच्या पांढुरक्या सिरॅमिक गोट्या ओततात आणि फळीने थर सारखा करतात. मग तेरा मिलिमीटरच्या, मग वाटाण्याएवढ्या सहाच्या. त्यावर खरा माल, म्हणजे मॉलिक्युलर सीव्हचे बारीक मणी, चांगले पुरुषभर उंचीचे. शेवटी वरून पुन्हा गोट्या. घाईत कुणी क्रम चुकवला तर मणी गोट्यांच्या फटींतून झिरपत जाळीपर्यंत जातात, जाळी तुंबते आणि सगळी टाकी पुन्हा उपसावी लागते.

साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनी साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अडकतं, पुढचं पाणी उकळून निघत नाही. मण्यांमधली छिद्रं असतात तीन अँगस्ट्रॉमची. पाण्याचा रेणू त्याहून लहान असल्यामुळे आत शिरून बसतो, इथेनॉलचा मोठा, तो बाहेरूनच पुढे जातो. पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं कोरडं इथेनॉल असं तयार होतं. 2001 मध्ये देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले तेव्हा आपल्याकडची मनमाड आणि मिरज ही ठिकाणं त्यांत होती.

या सगळ्या व्यवहारात गोटी काहीच करत नाही. काही न करणं हेच तिचं काम. ट्रॉम्बेच्या खत कारखान्यासारख्या किंवा माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणी उत्प्रेरकाच्या थरांनाही असाच बिछाना लागतो. वरचं वजन पेलायचं, वायू किंवा वाफ सारखी पसरू द्यायची, मण्यांना खाली घसरू द्यायचं नाही आणि रसायनात नाक खुपसायचं नाही. आसवनीतल्या मण्यांना उत्प्रेरक म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण गोटीला त्याचं सोयरसुतक नाही. वर कोण बसलंय याची ती चौकशी करत नाही.

तर ही गोटी आली कुठून?

रसायनशास्त्राच्या बाजूने विचारलं तर उत्तर तयार असतं: इंग्लंडातल्या विडनेसहून. लब्लांक पद्धतीने सोडा बनवणारे तिथले कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू हवेत सोडत आणि आसपासची शेतं जाळून टाकत. 1863 च्या अल्कली कायद्याने त्यातला 95 टक्के वायू पकडणं सक्तीचं झालं. पकडलेल्या आम्लाचं करायचं काय, म्हणून हेन्री डीकनने 1868 मध्ये त्यातून क्लोरीन काढण्याची पद्धत आणली. कापडगिरण्यांना ब्लीचिंग पावडर हवीच होती. डीकनने भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि विटांचे तुकडे तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून वाळवले आणि त्यांच्या तापलेल्या थरातून आम्लवायू आणि हवा सोडली. बंद पात्र, गोल भाजकी माती, वरून जाणारा वायू असं सगळं जुळतं. मूळ पुरुष सापडला, वंशावळ पूर्ण!

मला हे पटत नाही. डीकनची गोळी कामकरी होती, तांबं तिच्या अंगात मुरलेलं असे. ती मुद्दाम सच्छिद्र ठेवलेली, क्षार पिऊन घेणारी. आजची चांगली गोटी नेमकी उलटी: अर्धा टक्कासुद्धा पाणी न पिणारी, घट्ट भाजलेली. ती सच्छिद्र असती तर दाबाखालचा वायू तिच्या पोटात शिरला असता आणि दाब एकाएकी उतरवला की ती फुटली असती. शिवाय डीकनच्या पात्रात थरांची उतरंड नव्हती, एकच माल भरलेला असे. आणि गोटीच्या कहाणीत मला सगळ्यांत बोलकी वाटते ती उतरंडच: खाली मोठी, वर लहान, प्रत्येक थर वरच्यापेक्षा साधारण दुपटीपेक्षा मोठा नाही. हा नियम ज्याने घालून दिला त्याच्या घरातली ही गोटी.

दुसरा दावेदार आहे भरण घातलेल्या मनोऱ्यांचं घराणं, आणि त्याची गोष्ट इतकी झकास आहे की ती खरी ठरावी असं वाटतं. 1836 मध्ये विल्यम गॉसेजने वूस्टरशरमधल्या स्टोक प्रायर इथे एक पडीक पवनचक्की घेतली, तिच्यात काटेरी झुडपं आणि डहाळ्या भरल्या, वरून पाणी सोडलं आणि खालून आम्लाचा वायू. आपला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर ही पवनचक्की चालली. पुढे झुडपांच्या जागी कोक आला, 1859 च्या सुमारास जॉन ग्लोव्हरच्या मनोऱ्यात चकमकीचे दगड आले. मग लुडविग्सहाफेनच्या फ्रिट्झ राशिगने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उंची आणि व्यास सारखाच असलेली पोकळ कडी आणली. तिच्यानंतर 1931 मध्ये बर्लचं खोगिराच्या आकाराचं भरण.

पण राशिगने कडी का काढली? गोल आणि ओबडधोबड दगड मनोऱ्यात वाईट वागतात म्हणून. सारख्या गोळ्या ढिगाने टाकल्या तर मोकळी जागा उरते जेमतेम चाळीस टक्के, सिरॅमिक कड्यांत ती सत्तरच्या घरात जाते. पृष्ठभागही कडीचाच जास्त. गोटी या घराण्यातली असती तर राशिगनंतर तिला कुणी दारात उभं केलं नसतं. ती टिकली, कारण तिचं काम वेगळं आहे. तिच्या अंगावर कुणाला काही घडवायचं नसतं, अंगावर उभं राहायचं असतं.

आता माझा उमेदवार. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात रॅपिड सँड फिल्टर उपसलेला कुणी पाहिला असेल तर त्याला माझं म्हणणं बोलायच्या आधीच कळेल. तळाशी निचऱ्याचे नळ. त्यांवर सुमारे अर्धा मीटर खडी: खाली दोन-अडीच इंची गोटे, मग सुपारीएवढे, मग वाटाण्याएवढे, मग ज्वारीएवढे. त्यावर वाळू. खालून उलटं पाणी मारलं की ते खडीतून सारखं पसरतं आणि वाळू धुऊन निघते. लंडनच्या चेल्सीत जेम्स सिम्पसनने 1829 मध्ये बांधलेल्या गाळणीतही वाळूखाली खडीचे थरच होते. आसवनीच्या टाकीची उतरंड आणि ही उतरंड यांत फरक फक्त मालाचा.

निष्क्रियतेचा आग्रहही इथलाच. फिल्टरची खडी तपासताना ती हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून वजन किती घटतं ते बघतात. पाच टक्क्यांहून जास्त घट म्हणजे त्यात चुनखडी आहे, माल परत. म्हणून या कामाला गारगोटी चांगली. डीकन ज्या आम्लाच्या मागे होता त्याच आम्लात खडीने काहीही न करून दाखवायचं, हा योगायोग मला फार आवडतो.

विरोधक विचारतील, पाण्याची उघडी गाळणी कुठे आणि बंद दाबपात्र कुठे? मधला दुवा दाखवा. दुवा आहे, आणि तो साखरेच्या कारखान्यातून जातो. त्याच्यापायीच मी या विषयात अडकलो.

सुरुवात शेतातून करावी लागते. यॉर्कशरचा जमीनदार शेतकरी थॉम्पसन आणि रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ वे यांनी 1850 मध्ये दाखवलं की अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं तर अमोनिया मातीत अडकतो आणि खालून बाहेर येतं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मातीतले सिलिकेट एक धन आयन धरून दुसरा सोडतात. आपली काळी माती युरियाचा अमोनिया धरून ठेवते ती याच कारणाने. पुढे 1896 मध्ये हार्म या जर्मन संशोधकाने पेटंट घेतलं: असे सिलिकेट वापरून बीटच्या साखरेच्या रसातले सोडियम-पोटॅशियम काढून टाकायचे, कारण हे क्षार साखरेचे दाणे पडू देत नाहीत आणि मळी वाढवतात. साखरवाल्यांचं दुखणं तेव्हाही तेच होतं! त्यानंतर बर्लिनच्या रॉबर्ट गान्सने कृत्रिम झिओलाइट, म्हणजे अशाच जातीचं सिलिकेट, तयार करून ते कठीण पाणी मऊ करायला वापरलं, आणि 'परम्युटिट' या नावाने त्याची यंत्रं जगभर बॉयलरांशेजारी उभी राहिली. उभं बंद लोखंडी पात्र, तळाशी खडीचे थर लहान-मोठ्या क्रमाने, वर झिओलाइटचे दाणे.

इथे थांबून आसवनीच्या टाकीकडे पाहा. तिच्यातले मॉलिक्युलर सीव्हचे मणीही झिओलाइटच आहेत. 1949 च्या सुमारास युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टनने बनवलेल्या 'ए' जातीचे. म्हणजे गान्सच्या पात्रातली पोटभाडेकरू खडी आणि मालकीण झिओलाइट, दोघीही जवळजवळ तशाच राहिल्या. खडीची गोटी झाली, झिओलाइट जास्त नेमकं झालं, आणि बीटच्या रसापासून निघालेली वरात उसाच्या मळीच्या दारात येऊन थांबली. (दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत नैसर्गिक झिओलाइटचे स्फटिक सापडतात, महाराष्ट्र त्यासाठी जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. टाकीखालच्या खडकातही हीच भावकी, म्हणायला हरकत नाही.)

पाण्याच्या पात्रातून उत्प्रेरकाच्या पात्रात खडी नेली कुणी? माझा कौल फिटरला. मोठ्या रसायन कारखान्यात पाणी मऊ करणारं यंत्र आणि उत्प्रेरकाचं पात्र एकाच आवारात, एकाच दुरुस्ती खात्याच्या हाताखाली. दाणेदार माल जाळीवर टिकत नाही असं दिसल्यावर शेजारच्या टाकीत जे चालतं तेच इथे टाकायला कुणी प्राध्यापक लागत नाही. असे बदल पेटंटात क्वचितच शिरतात. सल्फ्युरिक आम्लाच्या प्रकल्पांत व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकाखाली गारगोटीचेच खडे अंथरण्याची चाल आहे. माझ्या लेखी तो चालता-बोलता पुरावा आहे.

गारगोटी मागे का पडली हे मात्र तर्काने सांगावं लागत नाही. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ 573 अंश सेल्सिअसला आपली अंतर्रचना बदलतो आणि आकारमान एकदम वाढतं. तापवा-थंडवा होत राहिलं की खडा तडकतो आणि त्याची भुकटी उत्प्रेरकात जाते. भाजलेल्या गोटीत अ‍ॅल्युमिना साधारण 17 ते 23 टक्के, बाकी बहुतेक सिलिका, आणि ती हे हेलकावे सोसते. तिलाही मर्यादा आहे. अमोनिया प्रकल्पाच्या रिफॉर्मरसारख्या जागी, जिथे वाफ भयंकर तापलेली असते, वाफेबरोबर सिलिका हळूहळू उडून जाते आणि पुढच्या उत्प्रेरकावर किंवा बॉयलरच्या नळ्यांवर बसते. म्हणून तिथे 99 टक्के अ‍ॅल्युमिनाची महागडी गोटी घालतात. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वाफेतली सिलिका टर्बाइनच्या पात्यांवर बसू नये म्हणून तिथे पाणी किती जपून शुद्ध करतात ते तो रोज बघतो. 2013 च्या दुष्काळात तर शुद्ध करायलाच पाणी उरलं नाही आणि संच बंद ठेवावे लागले, ती गोष्ट वेगळी.

परळीचं नाव निघालंच आहे तर राखेचंही बोलू. अलीकडे ती भलत्याच कारणांनी बातम्यांत आली, पण तिची खरी ओळख रासायनिक आहे. भारतीय कोळशाच्या उडत्या राखेत सिलिका पन्नास-साठ टक्के आणि अ‍ॅल्युमिना पंचवीस-तीसच्या आसपास असतं. म्हणजे साध्या सिरॅमिक गोटीच्या घटकांशी जवळचं नातं. राखेच्या तळ्यावर तरंगणारे पोकळ सूक्ष्म गोल तर भट्टीतच भाजून निघालेल्या चिमुकल्या सिरॅमिक गोट्या. घोडं अडतं लोहाशी. राखेत लोहाचं ऑक्साइड काही टक्के निघतं आणि गोटीत ते एका टक्क्याच्या खाली लागतं, कारण लोह गप्प बसत नाही, रसायनात लुडबुड करतं.

ते लोह चुंबकाने आणि आम्लधुलाईने किती खाली आणता येतं आणि उरलेल्या राखेत चिनीमाती मिसळून भाजलेली गोटी दाबाखाली किती टिकते, हा अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना वर्षभराच्या प्रकल्पासाठी पुरेल असा विषय आहे. राख परळीत आहे, भाजणारे वीटभट्टीवाले परळीत आहेत आणि गोटी लागणाऱ्या आसवन्या हाकेच्या अंतरावर. कुणी हे काम हाती घेतलं तर पहिली चाचणी आम्लाची घ्यावी, फिल्टरच्या खडीची घेतात तशीच.